पाचनंतर थेट दहा

लसीकरणाच्या कार्डावर पाच वर्षांच्या रकान्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या डीपीटी लशीचा दुसरा बूस्टर असतो आणि त्यानंतरचा रकाना थेट दहा वर्षांचा, धनुर्वात-घटसर्पावरच्या टीडीचा. मधे काही नाही. जन्मल्या जन्मल्या बीसीजी आणि पोलिओ, मग दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने, दीड वर्ष असं दाटीवाटीनं भरत आलेलं कार्ड पाचव्या वर्षी एकदम मोकळं होतं. माझी मुलगी सध्या त्या मोकळ्या जागेत आहे. तिचा भाऊ अजून भरलेल्या भागात आहे. एकाच घरात, एकाच ताटातून खाणाऱ्या या दोघांकडे बघताना मला सारखं वाटतं की धाकट्याचं सगळं सगळ्यांना दिसतं आणि मोठीचं बरंच काही कुणी न बघताच होऊन जातं. म्हणून आज मुख्यतः तिचं लिहायचं ठरवलंय. तरी त्याच्याशिवाय ते लिहिता येणार नाही, कारण गेल्या अडीच वर्षांत तिनं जे काही नवीन केलं त्यात कुठं ना कुठं तो होताच.

घरात तिला माऊ म्हणतात, त्याला शंभू. माऊ जानेवारी २०१९ची, शंभू फेब्रुवारी २०२३चा. आम्ही साताऱ्यात राहतो. नवऱ्याची एमआयडीसीत पाळीची नोकरी, मी एका पतसंस्थेत, आणि घराचा खरा कणा म्हणजे सासूबाई. दोन्ही बाळंतपणांत मला सव्वीस आठवड्यांची पूर्ण रजा मिळाली. ती संपल्यावर मी कामावर जाऊ शकले ती केवळ त्यांच्या भरवशावर.

माऊ पहिल्यांदा चालली तेव्हा लॉकडाऊन होता. २५ मार्च २०२०ला सगळं बंद झालं तेव्हा ती चौदा महिन्यांची, धरून धरून चालणारी. मग एका दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून हात सोडून फ्रिजपर्यंत गेली. बघायला आम्ही तिघं मोठी माणसं. माझी आई कराडला, जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण तिला ते व्हिडिओ कॉलवरच बघावं लागलं. ती फोनवर रडत होती आणि माऊ फोनचा स्टँड धरून हसत होती. पुढं कितीतरी महिने माऊला घराबाहेरची माणसं म्हणजे डोळे आणि वर कपाळ एवढीच ठाऊक होती. अंगणवाडी बंद, बाग बंद. तिचं बोलणं, दात, धावणं हे सगळं आमच्या दोन खोल्यांत झालं. शांत घरात वाढलेलं मूल आहे ते. आजही नवीन माणूस आला की ती आधी दाराआडून पूर्ण बघून घेते, मगच पुढं येते. मला तिची ती सवय आवडते.

शंभूचं सगळंच वेगळं. तो चालला तो गच्चीवर. मार्चचं कडक ऊन, वाळवणाचे दिवस, सासूबाई आणि शेजारच्या दोघी काकू कुरडया घालत होत्या. गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यात भरायचा, तेवढ्यात माऊनं वाटीभर चीक मागून घेतला, वर दूध-साखर घातली आणि ती वाटी शंभूच्या नाकासमोर धरून मागं मागं सरकायला लागली. तो सोऱ्याच्या डब्याला धरून उभा होता. त्यानं डबा सोडला. एक पाऊल, दुसरं, मग कुरडयांच्या प्लास्टिकच्या कागदावरून सरळ चार-पाच पावलं. ओल्या कुरडयांचा एक अख्खा कोपरा चेंगरला आणि कुणीच काही बोललं नाही, सगळ्यांचे हात चिकात आणि तोंडं उघडी. माऊनं त्याला वाटीतला पहिला चमचा दिला आणि ओरडली, "आज्जी, मी चालवला!"

मी चालवला. हे तिचं अगदी खरं होतं. त्या दिवशी सगळ्यांनी शंभूची दृष्ट काढली. मी माझ्यापुरतं ठरवलं की माऊलासुद्धा ओवाळायचं, आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर ओवाळलं. पाच वर्षांच्या मुलीनं दुसऱ्या माणसाला चालायला शिकवणं हा एक टप्पाच आहे. त्याला कार्डावर रकाना नाही एवढंच.

त्याच जूनमध्ये दोघांना एकाच दिवशी लस द्यायचा योग आला. तो सोळा महिन्यांचा झाला होता, त्याचा डीपीटीचा पहिला बूस्टर; तिला पाच पूर्ण, तिचा दुसरा. म्हणजे एकच लस. त्याला मांडीत, तिला दंडात. नागरी आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार होता, बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. सिस्टर म्हणाल्या, आधी बाळाला घेऊ. माऊ म्हणाली, "नाही, आधी मला. म्हणजे त्याला कळेल." बाही तिनं स्वतः वर केली, स्टुलावर बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या बाळाकडे एकटक बघत राहिली. सुई टोचली तेव्हा तिचा डावा पाय फक्त स्टुलाच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. तोंडातून आवाज नाही. शंभू माझ्या मांडीवरून हे सगळं बघत होता. त्याची पाळी आल्यावर तो रडायचा तेवढा रडलाच, बहिणीचं धैर्य काही त्याच्या कामी आलं नाही. पण सिस्टरांनी व्हिटॅमिन ए चं औषध चमच्यानं द्यायला घेतलं तेव्हा तो तोंड घट्ट मिटून बसला आणि मग माऊनं मोठा आ करून दाखवल्यावर त्यानं आ केला.

रात्री दोघांनाही ताप. सासूबाईंच्या गोधडीवर दोघं शेजारी शेजारी, त्याची मांडी सुजलेली, तिचा हात जड. सासूबाईंनी त्या रात्री आपल्या लहानपणचा डांग्या खोकला सांगितला: वाड्यातलं मूल खोकता खोकता काळंनिळं पडायचं, श्वास आत घेताना लांबलचक आवाज यायचा आणि रात्रभर अख्ख्या वाड्याला झोप नसायची. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींसाठी हे एकच इंजेक्शन आहे. हल्ली "एवढ्या लशी कशाला" म्हणणारी माणसं आमच्याही ओळखीत आहेत. त्यांनी सासूबाईंशी एकदा बोलावं असं मला मनापासून वाटतं.

शाळेचं सांगते. पहिलीच्या प्रवेशाला आपल्याकडे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. माऊ जानेवारीची. त्यामुळे तिच्याहून काही दिवसांनीच मोठी असलेली डिसेंबरची मुलं जून २०२४ला पहिलीत गेली आणि ती मोठ्या गटात राहिली. घरी येणारे-जाणारे हळहळायचे. "अगं, थोडक्यात वर्ष वाया गेलं पोरीचं." एका नातेवाइकांनी तर जन्मतारीख "ॲडजस्ट" करता आली असती असंही सुचवलं. मला हे बोलणं तेव्हाही पटलं नाही आणि आता तर मुळीच पटत नाही. वाया काय गेलं? सहा पूर्ण होऊन पहिलीत बसणाऱ्या मुलाचा हात पेन्सिल धरायला तयार असतो, लक्ष जास्त वेळ टिकतं, घरापासून लांब पाच तास काढायची ताकद आलेली असते. आणि आमच्या बाबतीत त्या वर्षानं भावा-बहिणीला पूर्ण एक वर्षाच्या दुपारी दिल्या. बालवाडी बाराला सुटायची. मग जेवण आणि नंतर दोघं, आज्जी आणि घर.

त्या दुपारी काय काय झालं ते मला संध्याकाळी सासूबाईंकडून कळायचं. शंभू मेतकूट-भातावरून भाकरीवर कसा आला तर तिच्या ताटातला घास ओढून. आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी मी भरवली की थुंकायचा, तीच तिच्या ताटातली गोड लागायची. वाटीनं पाणी प्यायला, चप्पल उलटी का होईना पण घालायला, "नको" म्हणायला तिनं शिकवलं. त्याचं पहिलं दोन शब्दांचं बोलणं "ताई कुठे" हे होतं. ती बालवाडीत गेली की तो दारात उभा राहून हे विचारायचा.

तिला त्यातून काय मिळालं? माणूस सांभाळायला किती लक्ष लागतं ते ती शिकली. तिची मण्यांची डबी आहे, माळा ओवायची. एके दिवशी तिनं स्वतःहून येऊन सांगितलं की डबी वरच्या खणात ठेव, तो तोंडात घालतो. रिमोटमधली बटणासारखी चपटी बॅटरी किती धोक्याची ते मी तिला एकदा समजावलं होतं. तेव्हापासून खेळण्याच्या बॅटरीचं झाकण सैल झालं की चिकटपट्टी घेऊन हजर. बोरन्हाणाच्या वेळीही तसंच. आपल्याकडे बोरन्हाण पाच वर्षांपर्यंत करतात, तिचं शेवटचं २०२४च्या संक्रांतीला झालं आणि यंदा जानेवारीत फक्त त्याचं होतं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याची बासरी. ती गल्लीतल्या मुलांच्या घोळक्यात न जाता पाटाशेजारी बसून राहिली. चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बोरं, रेवड्या त्याच्या डोक्यावरून पडल्या की इतर मुलं गोळ्या-चॉकलेटं वेचायची आणि ही बोरं आणि शेंगा वेचून माझ्या ओच्यात टाकायची. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बजावलं होतं की चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अशा कडक गोल वस्तू द्यायच्या नाहीत, श्वासनलिकेत अडकतात. ते तिनं दारामागून ऐकलं होतं.

सगळं वेचून झाल्यावर तिनं विचारलं, "माझं आता कधीच नाही का?" मी म्हटलं, नाही गं, पाच झाली ना. ती "बरं" म्हणाली आणि उसाचा करवा चोखत बसली.

तो "बरं" मला फार लागला. मोठ्या भावंडांना असे कितीतरी "बरं" म्हणावे लागतात. म्हणूनच आमच्या घरात एक गोष्ट आम्ही कटाक्षानं पाळतो: "तू मोठी आहेस ना" असं म्हणून तिच्या हातची वस्तू त्याला द्यायची नाही. पाहुणे म्हणतात, आम्ही थांबवतो. ती मोठी झाली ती तो जन्मला म्हणून, तिनं मागून घेतलेलं नाही. तिनं दिलं तर तिच्या मनानं द्यावं. कपाटाचा वरून दुसरा खण फक्त तिचा, तिथं शंभूचा हात पोचत नाही आणि आम्हीही विचारल्याशिवाय उघडत नाही. आणि रविवारी सकाळी पाऊस नसेल तर ती आणि मी दोघीच चार भिंती नावाच्या टेकडीवर जातो. शंभू बाबाकडे. वरून सगळं गाव दिसतं, पाठीशी अजिंक्यतारा किल्ला. त्या वेळात ती जे बोलते ते घरात कधीच बोलत नाही. तिथंच तिनं मला सांगितलं की तिला अंधाराची भीती वाटते, पण शंभूला सांगायचं नाही, कारण मग त्यालाही वाटेल.

२०२४मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेली वाघनखं ठेवली होती, तेव्हाही मला तिचा असाच एक चेहरा दिसला. रांग मोठी, शंभू बाबाच्या खांद्यावर झोपलेला. काचेसमोर पोचल्यावर तिनं स्वतःच्या मुठीकडे बघितलं, बोटं उघडमीट केली आणि म्हणाली, "एवढीशीच आहेत." मग खूप वेळ गप्प. घरी येऊन तिनं कागदावर स्वतःचा पंजा ठेवून पेन्सिलीनं गिरवला आणि त्यावर नखं काढली. तो कागद तिच्या खणात आहे.

या जूनमध्ये ती पहिलीत गेली, मराठी शाळेत. आता दुपारी शंभू आणि आज्जी फाटकाशी जाऊन उभे राहतात. त्याच पावसाळ्यात आमच्या घरात दातांचा मोसम आला. शंभूच्या शेवटच्या दुधाच्या दाढा वर येत होत्या, गाल लाल, लाळ, रात्रीचं रडणं. त्याच आठवड्यात माऊचा खालचा पुढचा दात हलायला लागला आणि एका सकाळी भाकरीच्या कडेत अडकून निघाला. एका हातात तिचा पडलेला दात आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्याच्या हिरड्या चोळतेय, अशी मी उभी. सासूबाईंनी दात कुंडीत तुळशीपाशी पुरायला लावला. माऊनं खड्डा केला, शंभूनं पाणी घातलं, आणि पुढचे काही दिवस तो रोज कुंडीत डोकावून बघायचा.

दात पडल्यावर तिला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्या आयांना सांगावीशी वाटते. सहा वर्षांच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागं आणखी एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कळतच नाही आणि कळली तरी लोक तिला दुधाची समजतात. ती कायमची असते. माऊच्या तोंडात बॅटरीच्या उजेडात मला दाखवली: अगदी मागं, अर्धी हिरडीखाली, पांढरी स्वच्छ. मला तर ती बघून भरून आलं. घरात सगळं लक्ष पडलेल्या दाताकडे होतं आणि आयुष्यभर पुरायचा दात मागच्या बाजूनं येऊन बसला होता.

आता वाचनाचं. बाईंनी सुरुवात गमभनपासून केली. न आला की म सोपा, म आला की भ, असं वळणावळणानं. मग काना. ऑगस्टमध्ये काना पक्का झाला. गणपतीच्या आदल्या रविवारी माझी आई कराडहून यायची होती, तिला आणायला आम्ही एसटी स्टँडवर गेलो. शंभू माझ्या कमरेवर, माऊ हात धरून. एक लालपरी वळून फलाटाला लागली. माऊ थांबली. तिची मान किंचित पुढं आली, ओठ हलायला लागले. "सा." मग थांबून, "ता." आणि मग माझ्या हाताला जोरात हिसका देऊन, "रा! सातारा! आई, सातारा लिहिलंय!" आपल्या गावाचं नाव पहिलीतल्या मुलासाठीच ठेवल्यासारखं आहे, तीन अक्षरं आणि तिन्हींना काना. पाटीच्या दुसऱ्या टोकाला कराड होतं. क, रा, ड. तेही लागलं. ती नुसती उड्या मारायला लागली. शंभू कमरेवरून "ताता, ताता" करत टाळ्या पिटत होता. आई पिशव्या सांभाळत बसमधून उतरली तर माऊनं तिला नमस्कार करायच्या आधी सांगितलं, "आज्जी, तू कराडवरून साताऱ्याला आलीस हे मी वाचलं!"

माझ्या आईनं पिशव्या तिथंच फलाटावर ठेवल्या आणि तिला जवळ घेतलं. ज्या आज्जीला हिचं पहिलं पाऊल मोबाइलच्या काचेतून बघावं लागलं, तिच्या समोर हिचं पहिलं वाचलेलं गाव. मी तिथं उघडउघड रडले.

तेव्हापासून रस्त्यानं चालणं अवघड झालंय, कारण प्रत्येक पाटीपाशी थांबायचं असतं. राजवाडा एका दमात. पोवई नाक्याला ई वर जरा विचार. पुणे अजून पु ला अडतं, उकार नुकतेच सुरू झालेत. तिला शाळेत एक मैत्रीण झाली आहे, जिला मी अजून पाहिलेलं नाही. तिची आवडती भाजी, तिच्या घरची मांजर, तिचा रागीट दादा हे सगळं मला माहीत आहे, पण चेहरा माहीत नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या मुलीच्या आयुष्यात एक असं माणूस आहे जे तिनं स्वतः मिळवलंय. डोक्यावरून आंघोळ सोडली तर आंघोळ ती एकटी करते. दाराला आतून कडी लावायची परवानगी मागते, अजून दिलेली नाही. शंभूशी भांडण झालं तर पूर्वी माझ्याकडे यायची, आता आधी त्याच्याशी बोलून बघते. मग तो चावतो, मग माझ्याकडे येते.

हे लिहिताना ती शेजारी बसली होती. तिचं लिहितेय कळल्यावर तिनं एक गोष्ट घालायला लावली आहे. तिला महाबळेश्वरच्या गाडीची पाटी वाचायची आहे. म, हा, ब, ळे इथपर्यंत येते, पुढं श्व ला गाडी थांबते. स्वारगेटच्या पाटीला तर पहिल्याच अक्षराला. बाई म्हणाल्यात जोडाक्षरं दिवाळीनंतर घेऊ. माऊला तोवर धीर नाही. तिनं पाटीवर दोन्ही अक्षरं गिरवून ठेवली आहेत, आणि पाटी शंभूनं पुसू नये म्हणून वरून दुसऱ्या खणात उभी करून ठेवली आहे.